नाझारियाचा रुमाल

आमच्या गावात मेलेल्या माणसांशी सगळेच बोलतात, पण नाझारिया भांडायची. माझी भट्टी आणि तिचं अंगण यांच्यामध्ये कमरेएवढी दगडी भिंत आहे, त्यामुळे पीठ मळता मळता मला तिचा एकेक शब्द ऐकू यायचा. "कोंबडी परत विहिरीच्या कठड्यावर बसलीये, एर्मिलो. जाळी लाव, जाळी लाव म्हणून किती वेळा सांगायचं?" तिच्या नवऱ्याला, एर्मिलोला, जाऊन तोवर तीसेक वर्षं झाली होती. जाळी त्याने जिवंतपणीही लावली नव्हती, तेव्हा तिची तक्रार तशी खोटी नव्हती.

गावात नवा आलेला मास्तर एकदा मला हळूच म्हणाला, शेजारीणबाईंच्या डोक्यावर परिणाम झालाय का? मी म्हटलं, तुम्ही बायकोशी बोलता ना, मग ती ऐकते का? नाही ना? मग झालं तर. नाझारिया वेडी नव्हती, एकटी होती. सकाळी चुलीवर मक्याच्या दोन भाकऱ्या टाकायची, त्यातली एक खायची आणि दुसरी संध्याकाळपर्यंत झाकून ठेवायची. मग ती कोंबड्यांना घालायची. मी हे बघत होतो आणि मला ते बघवत नव्हतं. म्हणून अधूनमधून गरम पाव घेऊन भिंतीपाशी उभा राहायचो. ती पाव घ्यायची आणि जास्त भाजलाय म्हणून मलाच ऐकवायची.

ती रुमाल भरायची. आमच्याकडे माणूस गेला की तीन वर्षं जमिनीत असतो. मग हाडं वर काढायची, उन्हात सुकवायची, लाकडी पेटीत ठेवायची आणि पेटी कबरस्तानातल्या कोनाड्यात. झाकण पुरतं लावायचं नाही, त्याला हवा लागते आणि कोण आलं कोण गेलं ते दिसतं. दर वर्षी ऑक्टोबरच्या शेवटाला, मृतांचे दिवस लागायच्या आधी, पेटी खाली घेऊन हाडं एकेक करून पुसायची आणि खालचा रुमाल बदलायचा. आपल्याला सणाला नवा कपडा लागतो, त्यांना का लागू नये? रुमाल पांढरा, त्यावर फुलं, पाखरं, आणि पेटीबाहेर लोंबणाऱ्या पदरावर त्या माणसाचं नाव. गावातली निम्मी मेलेली माणसं नाझारियाच्या सुईवर निजलेली आहेत. माझा बापसुद्धा.

एर्मिलो आडदांड माणूस होता. दोघांना मिळून निजायला दोरीच्या जाळीची एकच झोळी होती, आणि तो तीत आडवातिडवा पसरायचा. पहाटे मी बापाच्या हाताखाली भट्टी पेटवायला यायचो तेव्हा भिंतीपलीकडून हमखास ऐकू यायचं, "सरक जरा, एर्मिलो." तो काही सरकायचा नाही. मग धप्प असा आवाज यायचा आणि ती शिव्या देत उठायची. माझा बाप हसून हसून पिठात शिंकायचा. मग एका पावसाळ्यात एर्मिलोला ताप आला आणि आठवड्याभरात सगळं आटोपलं. मुलगी रूबी चार वर्षांची होती. नाझारियाने झोळी बदलली नाही. ती त्याच झोळीत, एका कडेला, अंग चोरून निजायची. उरलेली जागा त्याची.

रूबी शिकली आणि कॅनकूनला गेली. तिथल्या हॉटेलात तिला चांगलं काम आहे, मुली तिच्या हाताखाली आहेत. लग्न केलं, मुलं झाली, नवऱ्याशी पटलं नाही, तेही निस्तरलं. पोरगी कर्तबगार, मी नाही म्हणत नाही. पण दर ऑक्टोबरला तिच्याकडे नवं कारण तयार असायचं. हॉटेल भरलंय, पोराला गोवर आलाय, रस्ता वाहून गेलाय. नाझारिया फोन कानाला लावून "बरं, बरं" म्हणायची आणि फोन ठेवला की एर्मिलोवर तोंड सोडायची, कारण दुसरं कोण होतं?

एकदा ती भिंतीपाशी आली तीच पांढरीफटक.

"सिल्वेरिओ, रूबी म्हणते मला जाळणार."

"काय?"

"म्हणते, आई, आता हे हाडंबिडं कोणी करत नाही. तुझं काही झालं तर नीट दहन करीन. स्वच्छ काम. बरणीत ठेवीन." ती भिंतीवरच्या दगडाला हात लावून उभी राहिली. "बरणीत, सिल्वेरिओ. लोणच्यासारखं."

मी भट्टीचा माणूस. भट्टीत काय उरतं ते कोणी मला शिकवू नये. पण तिला काय सांगणार? मी म्हटलं, "पोरगी बोलते, करत नाही. तुम्ही चांगली शंभर वर्षं जगाल, ताई."

"जगेन. पण नंतर माझी हाडं पुसणार कोण? एर्मिलोची मी पुसते. माझी कोण?"

"मी आहे ना."

तिने माझे हात बघितले. "तुझ्या हातांना सदान्‌कदा पीठ. मला उंदीर लागतील."

तेवढ्यातही ती हसली, पण मी ओळखलं. ती जेवताना, भरतकाम करताना, कोंबड्यांना हाकलताना एकाच गोष्टीचा विचार करत होती. पोरगी हातची गेली होती. आता नातवंडांपैकी एकाने जरी पेटीला हात लावला, तरी तिला पुरे होतं. त्यानंतर काही दिवसांनी मी पाव द्यायला गेलो तर ती भरत बसलेली. मला बघितल्याबरोबर तिने काम मांडीखाली दडपलं. पण मी नाव वाचलं होतं. तिचंच होतं.

स्वतःचा रुमाल स्वतः भरायचा नसतो. ते मागे राहिलेल्याचं काम. आणि जिवंत माणसाचं नाव पेटीत गेलं तर आतला माणूस ते वाचून हाक मारतो आणि त्याला घेऊन जातो, असं आमच्याकडे मानतात. माझ्या तोंडावर ते दिसलं असणार.

"बघतोस काय?" ती म्हणाली. "रूबीला सुई धरता येत नाही. बटण तुटलं तर सदरा टाकून देते ती. मी काय पोत्यावर झोपू?"

रुमालावर फुलं नव्हती. कोंबड्या होत्या. लाल, पिवळ्या, एक तर विहिरीच्या कठड्यावर बसलेली. तिने आयुष्यात इतकं सुंदर काही भरलं नसेल, आणि गावासाठी तर नाहीच नाही.

मुलं आली ती शाळेमुळे. मोठी यारेली, दहा वर्षांची, तिच्या शाळेत कागदी कवट्या आणि कागदी झेंडू लावून मृतांचा देव्हारा करायचा होता, आणि बाईंनी सांगितलं होतं की आपल्या आजीला विचारून या, गावाकडे काय करतात. यारेलीने घर डोक्यावर घेतलं. म्हणून रूबी दोन दिवसांची सुट्टी काढून, तिला आणि सहा वर्षांच्या तादेओला घेऊन बसमधून उतरली. उतरल्या उतरल्या अट घातली. तोंडाने काय ते सांग. पेटी उघडायची नाही. पोरं रात्री घाबरतात.

"बरं," नाझारिया म्हणाली. तिचं "बरं" मी अनेक वर्षं ऐकत आलो होतो. त्यात काही नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रूबी जुन्या मैत्रिणीकडे गेली, आणि नाझारियाने मुलांना हाताला धरून सरळ कबरस्तान गाठलं. मी तिथेच होतो. माझ्या बापाचा कोनाडा एर्मिलोच्या शेजारी आहे आणि मी त्याच्या बरगड्या पुसत होतो. पेटी मीच खाली काढून दिली. ती स्टुलावर बसली, गुडघे धरून, आणि पेटीला तिने बोटसुद्धा लावलं नाही.

"आधी नावं सांगा," ती म्हणाली. "तो तुम्हाला ओळखत नाही."

यारेली हात मागे बांधून चार पावलं लांब उभी होती. तादेओ मात्र पेटीत डोकावला आणि म्हणाला, "मी तादेओ. मला पोहता येतं."

"ऐकलंस का, एर्मिलो?" नाझारिया म्हणाली. "तुला विहिरीत उतरायची भीती वाटायची."

मी मान खाली घालून बरगड्या पुसत राहिलो. हसू आवरत नव्हतं आणि डोळेही भरून आले होते. मग तिने एकेक करून बाहेर काढायला सांगितलं. आधी कवटी, ती बाजूला ठेवा, त्याला बघू दे. मग लांब हाडं. मग बारीक. मऊ ब्रशने धूळ झटका, ओरबाडू नका, माणूस आहे तो. प्रत्येक हाडाबरोबर ती काहीतरी सांगायची. या पायाने त्याने सरपंचाच्या गाढवाला लाथ घातली आणि गाढवाने परत घातली. हे बोट मक्याच्या यंत्रात सापडलं होतं. हे दात उसाने गेले. ही पाठ झोळीत अशी पसरायची की मला सगळी रात्र म्हणावं लागायचं, सरक जरा, एर्मिलो. तादेओला ते फार आवडलं. तो हरेक हाडाला "सरक जरा" म्हणून बाजूला करायला लागला.

यारेली कधी जवळ आली ते मला कळलं नाही. बघतो तर ती मांडी घालून बसली होती आणि खांद्याजवळचं आडवं हाड दोन्ही हातांत धरून बोट फिरवत होती.

"चीच, इथे गाठ का आहे?" आमच्याकडे आजीला चीच म्हणतात. पोरीने तो शब्द कालच उचलला होता.

नाझारिया म्हणाली, "ते मोडलं होतं. मला मागणी घालायला येत होता, सायकलवरून, हात सोडून. बघणाऱ्यांना दाखवायला. खड्ड्यात पडला. तसाच आला, एक हात लोंबकळत. माझी आई म्हणाली, याच्याशी लग्न करू नको, हा बावळट आहे."

"मग?"

"मग काय? बावळटच होता."

यारेलीने ते हाड पुसलं. दोनदा पुसलं. मी नाझारियाकडे बघितलं. तिने मान दुसरीकडे वळवली होती आणि स्टुलाची कड घट्ट धरली होती. तिला जे हवं होतं ते तिच्यासमोर मांडी घालून बसलं होतं, आणि तिला त्याच्याकडे बघायचा धीर होत नव्हता. नजर लागेल म्हणून असेल.

"आता परत भरा," ती म्हणाली. "नवा रुमाल घाला. बारीक हाडं आधी, सगळ्यांत खाली. जेवढं लहान तेवढं आधी. मोठी त्यांच्या भोवती. कवटी शेवटी, वर. ती बसली की संपलं. मग वर्षभर त्याला उठवायचं नाही."

रुमाल सकाळी तिने तादेओला पेटाऱ्यातून आणायला सांगितला होता, वरचा. तो घडी घातलेला तसाच पिशवीत आला होता. तादेओने तो अंथरला, यारेलीने बोटांची हाडं ठेवली, मग हातापायांची, शेवटी कवटी, आणि दोघांनी मिळून बाहेरचा पदर सोडला. त्यावर कोंबड्या होत्या. कोंबड्यांच्या खाली लाल धाग्याने लिहिलेलं: नाझारिया.

पलीकडच्या कोनाड्यापाशी एक म्हातारी आपल्या बहिणीला पुसत होती. तिने छातीवर क्रुसाची खूण केली आणि दोन पावलं मागे सरली.

"हा वरचा नव्हता," नाझारिया तादेओला म्हणाली. आवाज अगदी साधा.

"वरच्यावर नुसती फुलं होती," तो म्हणाला. "ह्याच्यावर कोंबड्या आहेत."

तिने पदराकडे बघितलं. बराच वेळ. मग म्हणाली, "राहू दे. कवटी बसली. आता उठवू नका त्याला."

आणि नेमकी तेव्हाच रूबी फाटकातून आत आली. घरी कोणी नाही म्हणून शोधत आली असणार. तोंडात रागाचं वाक्य तयार होतं, ते मला दिसत होतं. मग तिने नाव वाचलं. या बाईने मला स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं, काका, हे सगळे गावंढळ समज आहेत. पण नाव वाचल्यावर तिचा चेहरा असा उतरला की ती चार वर्षांची पोर दिसली, बाप गेला त्या दिवशी माझ्या बापाच्या भट्टीपाशी येऊन उभी राहिली होती तशी.

"काढ ते," ती म्हणाली. "आई, काढ तो रुमाल."

"बसलाय तो, रूबी. आता पुढच्या वर्षी."

"तुझं नाव आहे त्याच्यावर."

"मला वाचता येतं."

रूबी गुडघ्यांवर बसली आणि तिने पेटीत हात घातले. ज्या बाईने जन्मात पेटीकडे बघितलं नव्हतं, तिने उघड्या हातांनी उपसायला सुरुवात केली. तादेओ रडायला लागला. तेव्हा यारेलीने आईचा हात धरला.

"आई, असं नाही. कवटी आधी. हळू. आणि हे नीट धर, इथे मोडलंय त्याला."

रूबीच्या हातात ते आडवं हाड आलं. तिने गाठीवर अंगठा ठेवला. "हे कधी मोडलं?"

"मला मागणी घालायला आला तेव्हा," नाझारिया म्हणाली.

"मला कधी सांगितलं नाहीस."

"तू थांबलीस कधी ऐकायला?"

रूबीने ते हाड जपून बाजूला ठेवलं. तिने बापाला एकेक करून बाहेर काढलं, रुमाल ओढून घेतला, मी माझ्याकडचा एक जुना धुतलेला रुमाल दिला, आणि यारेलीने परत सगळं लावलं. रूबीने कोंबड्यांचा रुमाल गोळा करून आपल्या पर्समध्ये कोंबला. "हा तुझ्या घरात नको. मी घेऊन जाते," ती म्हणाली. नाझारिया "बरं" म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने ते गेले. सणाला थांबले नाहीत. जाताना नाझारियाने दोन्ही मुलांच्या मनगटांना लाल दोरा बांधला, या दिवसांत आलेल्या आत्म्यांनी पोरं बरोबर नेऊ नयेत म्हणून. चौघांसाठी करायचा म्हणून तिने पीबचं सामान आणलं होतं. मक्याचा जाड थर, आत कोंबडी, केळीच्या पानात बांधून खड्ड्यात पुरून भाजायचा. तिने तो चौघांसाठीच केला. अर्धा मला दिला. एक वाटा दाराबाहेरच्या संत्र्याच्या झाडाला टांगला, एकट्या आत्म्यासाठी, ज्याच्यासाठी कुठल्याच घरात कोणी काही मांडत नाही त्याच्यासाठी. सगळीच घरं टांगतात. ती मात्र त्या वाट्याखाली उभी राहून फांदी निरखून बघत होती.

"काय बघताय, ताई?"

"जागा बघून ठेवते," ती म्हणाली.

पीब चांगला झाला होता, पण मी माझा वाटा तसाच झाकून ठेवला.

मग एक फरक पडला. पुढच्या ऑक्टोबरला यारेलीने स्वतःहून फोन केला आणि विचारलं, आजोबांना पुसलंस का, खांदा जपून धरलास ना? नाझारियाने हे मला त्या एका दिवसात तीन वेळा सांगितलं. चौथ्यांदा सांगायला आली तेव्हा मी म्हटलं, ताई, पाठ झालं मला. ती म्हणाली, मग म्हणून दाखव.

त्या हिवाळ्यात तिला खोकला धरला. उतरेना. रूबी गाडी करून आली आणि तिला कॅनकूनला घेऊन गेली, चांगल्या डॉक्टरांना दाखवायला. गाडीत बसताना नाझारियाने मला कोंबड्या सोपवल्या. "आठ दिवसांत येते. विहिरीकडे लक्ष ठेव. ह्याच्या भरवशावर राहू नकोस," असं म्हणत तिने रिकाम्या झोळीकडे हात केला.

ती परत आली नाही. रूबीचा फोन आला तेव्हा मी भट्टीसमोर होतो. तिने सांगितलं, आई गेली. मी विचारलं, गावात कधी आणता? मग ती म्हणाली, "काका, झालं सगळं. दहन केलं." मी फोन ठेवला. आतली पावांची अख्खी खेप कोळसा झाली. मी बघत होतो आणि हात उचलत नव्हता.

असा राग मला आयुष्यात आला नाही. पीठ मळताना मी रूबीला काय काय बोलायचं ते तयार करायचो. तिने तुझ्या बापाला तीस वर्षं पुसलं, तुला तिला तीन वर्षं जमिनीत ठेवता आलं नाही? असं बरंच. बोलायला समोर कोणी नव्हतं, म्हणून भिंतीवरून बोलायचो. कोंबडी कठड्यावर बसायची. मी ओरडायचो, एर्मिलो, जाळी. उत्तर कोणी देत नव्हतं. नाझारिया इतकी वर्षं हेच ऐकत होती, ही शांतता, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं, आणि त्यानंतर मला भट्टीवर एकट्याने बसायचा कंटाळा यायला लागला.

ऑक्टोबरच्या शेवटाला बस आली. रूबी उतरली, तादेओ उतरला, आणि यारेली, आता आईच्या खांद्याला लागलेली, छातीशी पिशवी धरून. आम्ही चौघं कबरस्तानात गेलो. माझी सगळी वाक्यं तयार होती. पेटी खाली काढून मी रूबीकडे वळलो, तर तीच आधी बोलली.

"काका, तुम्ही रागावलात ते माहीत आहे मला."

"मी कोण रागावणारा?"

"बाबा मला आठवतच नाहीत. मी हात घातला तेव्हा माझ्यासाठी ती हाडंच होती." तिने हात पुढे केले, जणू अजून काही धरलं होतं. "आईचा चेहरा मला माहीत आहे, काका. ती अशी हातात घ्यायला मला जमलं नसतं. तीन वर्षांनी काय, तीस वर्षांनी पण नाही."

माझी वाक्यं जागच्या जागी राहिली. मला माझ्या बापाला पहिल्यांदा वर काढला तो दिवस आठवला. मीही तेव्हा तोंड फिरवलं होतं. नाझारियाने त्याला पेटीत ठेवलं होतं, मी नाही.

बरणी पांढरी होती, झाकणाची, तळहाताएवढ्या बुडाची. तिच्यासाठी कोनाडा नव्हता. रूबीने विचारलं कुठे ठेवू या, आणि मलाही सुचेना, कारण आमच्या गावात आजवर बरणी कोणी आणलीच नव्हती. यारेलीने काही विचारलं नाही. ती मांडी घालून बसली. तिने आजोबांची कवटी काढून बाजूला ठेवली, त्याला बघता यावं म्हणून. मग लांब हाडं. मग बारीक. सगळी पुसली. तादेओ ब्रश धुवून देत होता. पोरगं मोठं झालं होतं, पण पेटीत डोकावून म्हणालंच, "मी तादेओ."

मग तिने पिशवीतून कोंबड्यांचा रुमाल काढला. धुतलेला, इस्त्री केलेला. रूबीने तो टाकून दिला नव्हता. मी तिच्याकडे बघितलं तर ती जमिनीकडे बघत होती.

यारेलीने रुमाल पेटीत अंथरला आणि बरणी उचलून मधोमध ठेवली.

"बारीक आधी," ती मला म्हणाली, मी विचारलं नसताना. "जेवढं लहान तेवढं आधी. चीच आता सगळ्यांत लहान आहे."

पलीकडची ती म्हातारी आलेली होतीच. ती पुटपुटली, एका पेटीत दोघं? मी म्हटलं, आजी, एका झोळीत झोपायची ती दोघं, तेव्हा कुठे होतात तुम्ही? ती परत आपल्या बहिणीकडे वळली.

यारेलीने बोटांची हाडं बरणीभोवती ठेवली. मग हात, पाय, बरगड्या. खांद्याचं मोडलेलं हाड तिने बरणीला टेकवून ठेवलं. पदर बाहेर सोडला. कवटी वर ठेवायला गेली तर बसेना. पेटी एकाची, आणि त्यात तो आडदांड. तिने दोनदा फिरवून बघितलं. रूबीने हात पुढे केला आणि एका बाजूची लांब हाडं दाबून धरली.

यारेलीने कवटीवर तळहात ठेवला आणि हळूच ढकललं.

"सरका जरा, आजोबा," ती म्हणाली.

जिवंतपणी एर्मिलो सांगून कधी सरकला नव्हता. त्या दिवशी सरकला.